जागा गार व्हायच्या आत

सोयाबीन पुरतं वाळलं की त्याच्या शेंगा उन्हात आपोआप फुटतात. कुणी हात लावत नाही, वारा पडलेला असतो, तरी भर दुपारी उभ्या वावरातून तड, तड असा आवाज येत राहतो. ज्याचं वावर असतं त्याला त्या आवाजाने घोर लागतो, कारण दाणा मातीत चाललेला असतो. मला लागतो तो घोर निराळा आहे. आमच्या समुपदेशन केंद्राची मागची खिडकी एका वावराकडे उघडते, आणि दसरा उलटून दिवाळी यायच्या मधल्या दिवसांत, दुपारी बाराच्या पुढे, मला वाटत राहतं की खिडकीबाहेर कुणीतरी बोटं मोडत बसलं आहे.

परवा प्रणालीने विचारलं, "ताई, खिडकी लावून घेऊ का? कुटार उडतंय." सोयाबीन काढल्यावर जो भुसा राहतो तो म्हणजे कुटार, तो या दिवसांत चहातसुद्धा सापडतो. मी म्हटलं, राहू दे. प्रणाली नवी आहे, माझ्याकडे शिकायला आली आहे. तिला वाटलं मला वारा आवडतो. खरं सांगायचं तर खिडकी लावल्यावर तो आवाज आतून यायला लागेल, अशी मला भीती वाटते. पंचेचाळिशीच्या बाईने असं काही लिहावं का? पण वाटतं ते वाटतं.

मी स्वतः प्रणालीच्या वयाची होते तेव्हा याच तालुक्यात, याच कामासाठी, अशाच दिवसांत आले. माझं माहेर कारंजा लाडचं. आमचं कापडाचं दुकान, घर देरासराच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, गल्लीत, दिवे लागायच्या आत जेवणं उरकलेली. आई सोलापूरकडची, त्यामुळे घरात कुणी 'मले-तुले' म्हटलं की ती डोळे वटारायची. वऱ्हाडी मला सगळी कळायची, पण जिभेवर कधी आली नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे.

समाजकार्याची पदवी घेऊन मी केंद्रात रुजू झाले तेव्हा पुष्पाताई तिथे बरीच वर्षं काम करत होत्या. त्याही माझ्यासारखंच शिकलेल्या, फक्त कितीतरी आधी. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅडम' म्हटलं. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "शिल्पा मॅडम, तुमी मले मॅडम म्हनसान तं मी बी तुमाले मॅडम म्हनीन. मंग आपन दोघी दिवसभर मॅडम मॅडमच खेळू." तेव्हापासून ताई.

मला मॅडमच हवी होती, हे मला तेव्हा कबूल नव्हतं. कॉलेजात आमचे मार्गदर्शक सर होते, त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या असायच्या. दुसरीवर कुणाला बसलेलं मी पाहिलं नाही. आम्ही उभं राहून बोलायचो, ते चूक सांगायचे, आम्ही मान हलवायचो. शिकणं म्हणजे तेच, असा माझा समज होता. इथे मात्र चहा एक दिवस मी करायचा, एक दिवस त्यांनी. किल्ली आळीपाळीने. आणि बाईशी बोलून झालं की ती रीत.

ती रीत अशी. बाई बोलून गेली, दार लोटलं गेलं, की आमच्यातल्या एकीने तिच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. लगेच, जागा गार व्हायच्या आत. लाकडी खुर्ची होती, वर जुन्या लुगड्याची घडी शिवून टाकलेली, त्यामुळे ऊब बराच वेळ टिकायची. तिथे बसून ती बाई जे बोलली ते बोलायचं, पण 'ती म्हणाली' असं नाही. 'मी' म्हणून. दुसरीने समोर बसून ऐकायचं आणि विचारायचं.

"'ते म्हनली' असं म्हटलं का आपन वरती चढून बसतो," पुष्पाताई म्हणायच्या. "'मी' म्हन. मंग समजते कुठं टोचते तं."

मला हे नाटक वाटायचं. शिवाय कुणाच्या तरी अंगाच्या उबेवर बसायची किळस यायची, हेही सांगून टाकते. पण ज्या दिवशी बोलण्याचं काम पुष्पाताई करत, त्या दिवशी खुर्चीवर जाऊन त्याच बसत आणि मला म्हणत, आता तू विचार. मी काय विचारणार? मी कालची पोर. एकदा खुर्चीवरून त्यांनी बाईच्या वतीने सांगितलं, "मले बोलाचं होतं माह्या आईबद्दल, पन समोरच्या ताईनं मधातच दुसरं इचारलं." मग थांबून स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "तू पाह्यलं नं मी तिले तोडलं ते? मंग बोलली काहून नाई?" मी म्हटलं, तुम्ही सीनियर आहात. त्यावर त्या इतक्या हसल्या की सुपारी घशात अडकली.

एवढं हसू त्या खोलीत त्या मोसमात पुन्हा झालं नाही.

कांता आली ती भर दुपारी. मेडशीच्या पुढच्या एका खेड्यातली, पंचविशीची, अंगाने काटक. सोबत सासू, पार्वताबाई. बोलायला सासूनेच सुरुवात केली, आणि ती इतक्या साध्या आवाजात बोलली की मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे.

"हे आमची सून नाई, बाई. गेली ते अलग, आली ते अलग."

गेल्या दिवाळीनंतर कांता आणि तिचा नवरा गजानन ऊसतोडीला गेले होते, दूर, तिकडे पश्चिमेला. उन्हाळ्यात परत आले. आल्यापासून ही अशी. काम सगळं करते, पहिल्यापेक्षा जास्त करते. पण घरात मागच्या दाराने येते. भाकरी केल्या की एक बाजूला झाकून ठेवते, म्हणते, कांता आली की खाईल. स्वतःचीच लुगडी धुऊन, घडी घालून कांतासाठी ठेवते आणि अंगावर जुनेर नेसते. हाक मारली तर बघायची नाही, मग नावाने हाक मारणंच सगळ्यांनी सोडलं. आणि तिची चार वर्षांची लेक, परी, तिच्याजवळ जात नाही. "पोट्टी दारात उभी राह्यते," सासू म्हणाली, "अन हिच्या मांगं पायते. हिच्याकडं नाई, हिच्या मांगं. जशी आई अजून मांगून येऊन राह्यली."

हे ऐकताना मी दाराकडे पाहिलं. उगाचच. दारात नुसतं ऊन पडलं होतं.

पुष्पाताईंनी सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला खुणेने सांगितलं, तू बोल. मी कांताला विचारलं, सासूबाई म्हणतात ते खरं का? तिने मान हलवली. "बराबर हाये त्यायचं. कांता आली नाई अजून."

"मग तुम्ही कोण?"

"मी कामापुरती आली," ती म्हणाली.

मी खूप विचारलं त्या दिवशी. झोप, भूक, मारहाण, ताप, पाळी, सगळं शिकवल्याप्रमाणे. तिने शहाण्यासारखी उत्तरं दिली, पण प्रत्येक वेळी 'ते', 'तिले', 'तिचं'. शेजारणीबद्दल बोलावं तशी. एवढंच कळलं की दिवाळी झाली की पुन्हा ट्रक येणार, गजाननने मुकादमाला शब्द दिला आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला कुणी नेत नाही. तेव्हा हिने जायचंच होतं. मी विचारलं, तुम्हाला जायचं आहे का? ती खिडकीकडे बघत राहिली. शेंगा फुटत होत्या. "हे मले काहून इचारता?" ती म्हणाली. "तिले इचारा."

ती उठली, सासूबरोबर गेली. रीतीप्रमाणे मी तिच्या खुर्चीवर बसले.

जागा गार होती.

आश्विनातली दुपार, पत्र्याचं छप्पर, ती तासभर तिथे बसलेली. लुगड्याची घडी ऊन हवी होती, घामेजलेली हवी होती. ती माठाखालच्या मातीसारखी गार होती. मी पुष्पाताईंना सांगायला तोंड उघडलं, आणि जे सांगायचं होतं ते आलं नाही. दुसरंच आलं.

"मी बांधावर बसली हावो," मी म्हणाले. "ट्याक्टर गेलं. सारे गेले. मले म्हने, पुढच्या खेपेले नेतो. अंगात ताप हाये. कोनी न्यायले आलंच नाई. दिवस बुडून राह्यला अन मी बांधावरच बसली हावो."

हे शब्द मी ऐकत होते, बोलत नव्हते. कांताने यातलं काहीही सांगितलं नव्हतं. आणि ती वऱ्हाडी होती, माझ्या जिभेवर कधी न आलेली, जुन्या बाईसारखी सफाईदार.

दारात कुणीतरी ओरडलं. पार्वताबाई पिशवी विसरली म्हणून परत आली होती. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "खरं हाये व माय! गजाननच सांगे. तापात बांधावर ठेवली तिले. टोळी दुसऱ्या वावरात गेली, दुसऱ्या दिवशी कोन्या ट्याक्टरवाल्यानं आनून टाकली. बाई, तुमाले कोनं सांगतलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले.

आता इतक्या वर्षांनी माझ्याकडे याचं एखादं शहाणं स्पष्टीकरण असायला हवं. आहेही. कांता बोलली नसेल तरी तिचं अंग बोललं असेल. ताप म्हटल्यावर तिची नजर कुठे गेली, खांदे कसे पडले, हे माझ्या डोळ्यांनी टिपलं असेल आणि खुर्चीवर बसल्यावर ते जुळून आलं असेल. प्रणालीला मी असंच समजावते. दिवसा ते मला पटतंही. पण आजही एस.टी.त कुणी उठून गेलं की त्या सीटवर मी आधी तळहात ठेवून बघते. लोकांना वाटतं बाई फार टापटिपीची आहे.

त्या दिवशी पुष्पाताईंनी मला पाणी दिलं. त्यांनी 'भास' म्हटलं नाही, 'चमत्कार'ही म्हटलं नाही. मी पाणी संपवेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "हे तुह्यं होतं का तिचं?"

"माझं कुठून असणार? मी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय."

"मंग तिचं असन," त्या म्हणाल्या. "तिचं असन तं आपल्याजोळ ठेवता येत नाई अन वापरताबी येत नाई."

वापरायचं म्हणजे काय, ते मला चारच दिवसांत कळलं.

आधी पुष्पाताई स्वतः कांता आणि पार्वताबाईला एस.टी.ने वाशीमला घेऊन गेल्या. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या, आणि इतक्यात हिला लांब कामाला नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. घरी त्या सांगण्याला किती किंमत मिळाली? पार्वताबाई म्हणाली, डाक्टरले काय समजते. गोळ्या चालू राहिल्या हे नशीब. पण गावात वेगळीच गोष्ट पोचली होती. केंद्रातली नवी बाई 'बसते', आणि बसली की गेलेली बाई तिच्या तोंडून बोलते.

मग बायका यायला लागल्या. सोंगणीची सुटी झाली की सरळ वावरातून, हातात विळे, डोक्याला फडकी, पापण्यांवर कुटार बसलेलं. केंद्राच्या भिंतीला टेकून ओळीने बसायच्या. बोलायच्या नाहीत. मी बाहेर गेले की सगळ्या एकदम माझ्याकडे बघायच्या, मी आत गेले की त्या रिकाम्या खुर्चीकडे. एकीची बहीण सुरतेला गेली होती आणि फोन लागत नव्हता. एकीची आई वारली होती. एकजण मला नुसतं एवढंच म्हणाली, "बाई, माह्यी बी कुठं तरी राह्यली असन. पायता का?" सगळ्यांचे चेहरे भुशाने एकाच रंगाचे झालेले असायचे, आणि संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात कोण कोण आहे ते मला ओळखू यायचं नाही. मी प्रचंड घाबरले होते. आणि खोटं कशाला बोलू, थोडी सुखावलेही होते. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या बायका माझ्या एका शब्दासाठी थांबल्या होत्या.

पुष्पाताई त्यांच्यात जाऊन बसायच्या, मातीवरच. सुपारी कातरून वाटायच्या आणि गप्पा काढायच्या. मला मात्र एका शब्दानेही काही सांगत नव्हत्या. याचा मला संताप यायचा.

पार्वताबाईचा निरोप आला: दिवाळीच्या आधी आम्ही तिघं येतो, बाईला बसवा आणि विचारा, कांता कधी येईल आणि हिला यंदा तोडीला न्यावं का नाही. बाई म्हणेल तसं करू.

मी पुष्पाताईंना म्हटलं, "किती सोपं आहे! मी बसते. म्हणते, हिला नेऊ नका. संपलं. डॉक्टरांचं ऐकलं नाही, माझं ऐकतील."

"ऐकतीन नं," त्या म्हणाल्या. "नक्की ऐकतीन."

"मग?"

"मंग काई नाई. या साली ते वाचन. पुढच्या साली तिनं लुगडं कोनतं घ्यावं, पोट्टी शाळेत टाकावी का नाई, दुसरं लेकरू होऊ द्यावं का नाई, सारं तुले येऊन इचारतीन. तिले कोनी इचारनार नाई. आता देवरसी सांगते, मंग तू सांगशीन."

"म्हणजे नको बसू?"

"तसं मी कुठं म्हटलं?"

"ताई, मग काय करू ते सांगा ना!" मी ओरडलेच. "तुम्हाला एवढं कळतं तर सांगत का नाही? ट्रक येणार आहे. ती तिथे मरेल. तुम्ही सीनियर आहात, सांगायचं काम तुमचं आहे!"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी कधी इतका थकलेला पाहिला नव्हता. "शिल्पा, मलेबी भेव लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मले वाटते तुले सांगून टाकावं अन मोकळं व्हावं. पन मी सांगतलं अन तू केलं, तं उद्या तूबी कोनाले तरी सांगशीन अन ते करीन. हे असंच चालत आलं नं आपल्याकडं? सासू सुनेले सांगते, सून तिच्या सुनेले. मी तुह्यासंगं बसीन. काई चुकलं तं दोघीचं चुकन. पन सांगनार नाई."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, फार राग आला. आज प्रणाली माझ्यासमोर बसते, तिच्याकडे आलेल्या एका पोरीचं सांगते, डोळे भरून विचारते, "ताई, मी काय करू?" आणि उत्तर माझ्या ओठांवर तयार असतं, तेव्हा कळतं की ते गिळायला केवढं बळ लागतं. न सांगणारा माणूस निर्दय दिसतो. पुष्पाताई आता धनजला असतात, निवृत्त झाल्या. परवा मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, पोरगी रडते हो, आणि मी नुसती बसून राहते. त्या म्हणाल्या, "नुसती कायले बसतं? भेव लागते म्हनून सांग तिले." मी सांगितलं प्रणालीला. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे नव्यानेच बघायला लागली. मग म्हणाली, "तुम्हालाही?"

तर ते तिघं आले. त्या दिवशी ऊन असं होतं की वावरावर हवा थरथरताना दिसत होती. सोयाबीन बहुतेक निघालं होतं, पण खिडकीमागचं ते एक वावर का कोण जाणे राहिलं होतं, आणि त्याच्या शेंगा एकसारख्या फुटत होत्या. पार्वताबाईने माझ्यासमोर नारळ ठेवला, हळदकुंकू ठेवलं. गजानन दाराशी टेकून उभा, नजर खाली. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे हात सारखे शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. कांता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी तिला म्हटलं, बसा ना. तिने मान हलवली. "ते जागा तुमची," ती म्हणाली.

मला खुर्चीवर बसावं लागलं, कारण पार्वताबाईने माझा हात धरून मला बसवलं. पुष्पाताई चटईवर बसल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

"इचारतो बाई," पार्वताबाई हात जोडून म्हणाली. "सून आमची कवा येते? अन इले न्यावं का नाई?"

एक वाक्य. माझ्या तोंडात ते तयार होतं, आणि खरं सांगते, त्याला गोड चव होती. मी कांताकडे पाहिलं. ती ऐकतच नव्हती. पुन्हा एकदा दुसरंच कुणीतरी तिचं काय ते ठरवणार होतं, आणि तिला त्याची सवय होती. मी ते वाक्य गिळलं. मी उठले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून उठले, आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिले.

खुर्ची रिकामी. मग कांता भिंतीपासून निघाली, सावकाश चालत आली आणि मी उठले होते तिथे बसली.

आमची रीत तिला कुणी सांगितली नव्हती. तिने एका पायावर दुसरा पाय घेतला, जसा मी घेते. उजव्या हाताचं बोट नाकाशी नेलं आणि चष्मा वर सरकवला. माझा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तिच्या डोळ्यांवर काही नव्हतं.

"मला काहीच माहीत नाही," कांता म्हणाली.

आवाज तिचा होता, बोली माझ्या आईने घोटून घेतलेली. 'मले' नाही, 'मला', सगळं जागच्या जागी.

"मी नुसती ऐकते," ती पुढे म्हणाली. "घाबरत घाबरत ऐकते. दुसरीचं मला कसं ठाऊक असेल? मला विचारू नका."

"मंग कोनाले इचारू, बाई?" पार्वताबाईचा आवाज चिरकला.

"कांताला विचारा. ती इथेच आहे."

पुष्पाताईंनी चटईवरून हात वर केला आणि माझ्या पायाचा घोटा घट्ट धरला. त्यांचा हात थंडगार होता. त्या मला धीर देत होत्या की माझ्याकडून घेत होत्या, मला आजही ठरवता येत नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला हुरहूर नको. दिवाळीनंतर ट्रक आला आणि या घराला वगळून गेला. मुकादमाने गावभर तोंड सोडलं, गजानन दोन दिवस घरात जेवला नाही, मग मेडशीला मळणीयंत्रावर कामाला लागला. गोळ्या बरेच महिने चालल्या. परी आईच्या मांडीवर जाऊन बसली त्याला होळी उजाडली. केंद्राबाहेर बसणाऱ्या बायकांना हळूहळू कळलं की ही बाई काही सांगत नाही, उलट आपल्यालाच विचारते. बऱ्याचजणी उठून गेल्या, थोड्या राहिल्या, आणि त्या एकमेकींना विचारायला लागल्या. पण हे सगळं नंतरचं. आश्विन उतरायला लागला आणि खिडकीबाहेर तो आवाज सुरू झाला की मला यातलं काही आठवत नाही. मला पार्वताबाई आठवते.

तिने जोडलेले हात सोडले. कांताच्या तोंडून का होईना, 'बाई' म्हणाली होती म्हणजे ऐकायलाच हवं, असा तिचा विश्वास होता, त्यामुळे ती ऐकणारच होती. पण विचारायचं कुणाला? समोर एकच बाई बसलेली. म्हातारी गुडघ्यांवर थोडी पुढे सरकली, मान वाकडी करून सुनेच्या तोंडाकडे बघायला लागली, विहिरीत डोकावून बघावं तसं. उन्हाळ्यापासून त्या घरात ते नाव घेऊन तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. म्हातारीला ते उच्चारताना भीती वाटत होती, मला दिसत होतं. तिचे ओठ दोनदा हलले, आणि मग आवाज आला.

"कांता... जातं का व तू तिकडं?"

नाकाशी गेलेला हात खाली आला. कांताने एका पायावरचा दुसरा पाय काढला, पावलं फरशीवर टेकवली, आणि खोलीभर नजर फिरवली, सासू, नवरा, नारळ, मी, जणू हे सगळं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"काहून जाऊ?" ती म्हणाली. "आत्ताच तं आली मी."